जठारपेठेतलं घर, मूळ स्वरूपात

घरमालकाचा फोन आला की समजायचं, घर गळतंय. समितीचा फोन आला की समजायचं, पाहुणे येताहेत. या दोन फोनांच्या मधल्या वेळात जे काही होतं त्याला जुन्या वास्तूंचं जतन म्हणतात, आणि निवृत्त झाल्यापासून मी तेच करतो.

त्याआधी मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. तिथं नव्या इमारती जुन्या दिसायला फार काळ लागत नसे. आता जुन्या इमारती नव्या दिसू नयेत म्हणून मी उन्हातान्हात फिरतो. बायकोच्या मते दोन्ही कामांत माझ्या चपला सारख्याच झिजल्या, तेव्हा मी फार फरक सांगू नये.

बाहेरच्या वाचकांना श्रीधर खोडके हे नाव ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो. खोडकेसाहेब आमच्या वऱ्हाडचे आर्किटेक्ट. स्वातंत्र्यानंतरच्या काळात त्यांनी अमरावती, अकोला, मोर्शी, अकोट अशा गावांतून घरं बांधली. महाल नव्हेत, घरंच. डॉक्टरांची, वकिलांची, संत्र्याच्या बागाईतदारांची, कापसाच्या जिनिंगवाल्यांची. आमच्याकडचं ऊन काय चीज आहे हे त्या माणसाला पक्कं कळलं होतं. छतावर दुसरं छत घालून मधून वारा खेळवायचा, पश्चिमेच्या भिंतीला खिडकी ठेवायची नाही, उत्तरेला सिमेंटच्या जाळ्या लावायच्या, हे त्यांचं तंत्र. हयात असताना लोक त्यांना 'जाळीवाले खोडके' म्हणायचे आणि पाठीमागे हसायचे. ते गेल्यावर मुंबईच्या एका मासिकात त्यांच्यावर लेख आला, तेव्हा आम्हाला कळलं की आपल्यात एक थोर माणूस वावरून गेला. मग समिती निघाली. समितीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब आहेत. जुन्या घरांवर त्यांचं मनापासून प्रेम आहे. स्वतः ते पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात.

आता धंद्याचं सांगतो. जुनं घर बघायला गेलं की मी आधी बोटाच्या पेरानं भिंत वाजवतो. भरीव आवाज आला तर भिंत ठीक, पोकळ आला तर गिलावा सुटलाय. या घरांच्या विटा चुन्यात बसवलेल्या. चुना ओल घेतो आणि सोडतो. घरमालकाला चार पैसे आले की तो हौसेनं त्यावर सिमेंटचा गिलावा मारतो, मग ओल आत कोंडते आणि भिंत आतून कुजते. माझ्या पाहण्यात आली तेवढी घरं दुर्लक्षानं कमी आणि मायेनं जास्त बिघडली. दुर्लक्षित घराला नुसतं साफ करावं लागतं. माया केलेलं घर खरवडावं लागतं.

खोडकेसाहेबांचा जन्म चैत्रातला. यात त्यांचा दोष नाही, पण त्यांचा जयंती सोहळा त्यामुळे एप्रिलच्या शेवटी येतो. त्या दिवशी बाहेरगावचे अभ्यासक आणि पाहुणे गाडीत बसून घरं बघत फिरतात. पहिल्याच वर्षी अमरावतीच्या एका डॉक्टरांच्या घरी समितीनं मला पाठवलं, कारण तिथल्या प्रसिद्ध जाळीसमोर कूलर बसवलेला होता. नैसर्गिक वाऱ्यासाठी गाजलेल्या घराच्या जाळीत कूलर, हा फोटो मुंबईला जाणं बरं दिसलं नसतं. डॉक्टरांनी कुरकुर केली, पण कूलर काढला. पाहुणे आले. दुहेरी छताखाली उभं राहून एका प्राध्यापकांनी या घरात उकाडा कसा जाणवत नाही यावर भाषण सुरू केलं, आणि भाषण संपायच्या आत ते मटकन खाली बसले. डॉक्टरांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथं दुसरा कूलर होता, तो आम्ही काढायला विसरलो होतो. प्राध्यापक त्याच्यासमोर तासभर पडून राहिले आणि उठल्यावर म्हणाले की भाषणातला उरलेला मुद्दा लेखात मांडीन. खोडकेसाहेबांची बाजू घेऊन एवढंच सांगतो, की त्यांच्या वेळी त्या घराभोवती आंब्याची झाडं होती, आता चारी बाजूंना इमारती आहेत. वारा यायला जागा तर पाहिजे.

मोर्शीच्या घराला जमिनीलगत एक बुटकी, रुंद खिडकी आहे. मुंबईच्या एक तज्ज्ञ बाई समितीवर सल्लागार आहेत. त्यांनी त्या खिडकीचं वर्णन 'घराने मातीकडे टाकलेला कटाक्ष' असं केलं. घरमालक साधे बागाईतदार. ते बाजूला उभे राहून ऐकत होते. नंतर त्यांनी मला हळूच सांगितलं की ती खिडकी त्यांच्या वडिलांनी नंतर भिंत फोडून करून घेतली, संत्र्याच्या टोपल्या आतून गाडीत सरकवायला. मी म्हटलं, सांगा ना बाईंना. ते म्हणाले, "राहू द्या जी. इतकं चांगलं बोलून राहिल्या त." ती खिडकी आता यादीत आहे आणि तिला हात लावायचा नाही.

हे सगळं मी हसत सांगतो. जठारपेठेतल्या घराचं मात्र मला तितकं हसून सांगता येत नाही.

अकोल्याला जठारपेठेत, दुकानांच्या मागच्या गल्लीत ते बैठं घर आहे. खोडकेसाहेबांनी ते गुरांच्या एका डॉक्टरासाठी बांधलं. डॉक्टर गाव सोडून गेले आणि घर वानखडे गुरुजींनी घेतलं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मूळचे अकोटकडचे. आजूबाजूची बैठी घरं एकेक करून पडली आणि चार मजली झाली. गुरुजींचं राहिलं. त्यांना आणि काकूंना तिथं बरं वाटायचं, एवढंच त्याचं कारण. गुरुजी दरवर्षी पावसाआधी पन्हाळी साफ करत, जाळीतली कबुतरांची घरटी काढत आणि चुन्याची भिंत चुन्यानंच रंगवत. खोडकेसाहेबांचं सगळ्यात धडधाकट घर तेच. मला तिथं काम असं नव्हतंच. मी काकूंच्या हातचा चहा प्यायला जायचो.

त्या घराची ख्याती समोरच्या भिंतीमुळे. पश्चिमेला तोंड असलेली, अर्धगोल, वरपासून खालपर्यंत एकही भोक नसलेली पांढरी भिंत. दुपारचं ऊन तिच्यावर येऊन थांबतं आणि आत गारवा राहतो. मासिकातल्या लेखात तिचाच फोटो होता. तिच्या मागं एक लहानशी कोठी आहे, ज्वारीची पोती ठेवायला. आणि संडास परसात, अगदी टोकाला. घरात संडास नको, ही त्या काळची रीत. खोडकेसाहेबांनी तिथं जायला लिंबाच्या झाडाखालून वळणावळणाची फरशी केली आणि मधे तीन पायऱ्या. तज्ज्ञ बाईंनी त्या वाटेला 'निसर्गाकडे नेणारा प्रवास' म्हटलं होतं. एका अर्थी ते खरंच होतं.

दिवाणखान्यातल्या कोनाड्यात बुद्धमूर्ती आहे. बाईंना तीही आवडली. शोभेची समजून त्यांनी ती फोटोसाठी मधल्या मेजावर आणून ठेवली. काकूंनी ती उचलली, जागेवर नेऊन ठेवली आणि तिच्यापुढची मेणबत्ती सरळ केली.

घर यादीत आलं तेव्हा गुरुजींनी संमतीपत्रावर सही केली, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांच्याइतका खूश माणूस अकोल्यात नसेल. बाहेरून काहीही बदलायचं तर समितीची मान्यता घ्यायची, असं त्यात होतं. गुरुजी म्हणाले, आपल्याला बदलायचंच काय आहे?

पुढच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय ओढत चालायला लागले. परसातल्या त्या तीन पायऱ्या काकू त्यांना धरून उतरवायच्या, दिवसातून होईल तितक्या वेळा. श्रावणात फरशीवर शेवाळ धरतं. एक दिवस दोघंही घसरले. गुरुजींचं मनगट मोडलं. मुलगा पुण्याहून आला आणि त्यानं सरळ सांगितलं, एक तर घरात संडास करा, नाही तर माझ्याकडं चला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

काकूंनी मला बोलावलं. मी घर फिरून पाहिलं. घराला उतार समोरच्या बाजूला, गल्लीतली गटारही तिकडंच, त्यामुळे संडास होण्यासारखी जागा एकच, ती कोठी. पोती हलवली की काम झालं. फक्त हवा जायला त्या अर्धगोल भिंतीला जेवायच्या ताटाएवढं एक भोक लागणार होतं. मी नकाशा काढला आणि समितीपुढं ठेवला.

बैठकीत नकाशा हातोहात फिरला. मग तज्ज्ञ बाई म्हणाल्या की ही भिंत म्हणजेच खोडके. तिला भोक पाडणं म्हणजे पुतळ्याचा डोळा काढणं. मी म्हटलं, मग गुरुजींनी काय करायचं? एका सदस्यांनी कमोडची खुर्ची सुचवली. दुसऱ्यांनी पायऱ्यांच्या जागी उतार करता येईल का विचारलं, तर लगेच तिसरे म्हणाले की पायऱ्याही मूळच्या आहेत. मी चिडलो. म्हणालो, खोडकेसाहेब आज असते तर त्यांनी स्वतः छिन्नी घेऊन भोक पाडलं असतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "ते आज नाहीत, म्हणून तर जतन करावं लागतं." ठराव झाला, घर मूळ स्वरूपात ठेवावं.

मी तडक जठारपेठेत गेलो आणि काकूंना सांगितलं की समिती गेली खड्ड्यात, उद्या गवंडी पाठवतो, करून टाकू. काकू तयार होत्या. त्यांनी पोती हलवायला घेतलीसुद्धा. गुरुजींनी खाटेवरून हात वर केला.

"मी सही केली हाय, राऊतभाऊ," ते म्हणाले. "शाळंत पोराईले काय शिकवलं मंग मी?"

काकू त्यांना खूप बोलल्या. मीही बोललो. कोणी बघायला येत नाही, दंड कोणी करत नाही, सारं सांगून झालं. पण उभ्या आयुष्यात हजेरीपटावर खोटी खूण न केलेला माणूस तो. त्याला एक भोक पाडायला आम्ही राजी करू शकलो नाही. दिवाळीच्या आधी दोघं पुण्याला निघून गेले, मुलाच्या सातव्या मजल्यावरच्या घरी. निघताना काकूंनी किल्ली माझ्या हातात दिली. "घर सांभाळा, घर सांभाळा म्हनत होते न सारे? घ्या आता, सांभाळा."

बंद घराचं काय होतं हे मला विचारा. चूल बंद झाली की भिंती ओल सोडत नाहीत. खिडक्या उघडल्या जात नाहीत, केर निघत नाही, कुठं वाळवी लागली हे दिसायला घरात डोळे नसतात. एका पावसाळ्यात गुरुजींच्या घराला जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं. पन्हाळी तुंबली, छत पाझरलं, जाळ्या कबुतरांनी भरल्या. जी भिंत वाचवली तिच्यावरच आतून बुरशी आली. मी वाजवून पाहिली, पोकळ. मला तिथं बसून रडावंसं वाटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

समिती मात्र आता उत्साहात आली. घर रिकामं होतं, म्हणजे कोणाची अडचण नव्हती. मुलाकडून ते लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं घेतलं आणि तिथं खोडके स्मृती संग्रहालय करायचं ठरलं. दुरुस्तीचं काम माझ्याकडंच. गिलावा काढला, चुना भिजवला, मुरू दिला, भिंत पुन्हा केली. काम चांगलं झालं, मी मुद्दाम सांगतो. मग पर्यटन विभागाचे अधिकारी पाहणीला आले आणि त्यांनी विचारलं, प्रेक्षकांसाठी प्रसाधनगृह कुठंय?

परसातला संडास त्यांनी पाहिला. पायऱ्या पाहिल्या. ज्येष्ठ नागरिक येतील, ते कसे जातील, म्हणाले. समितीची तातडीची बैठक झाली. सगळ्यांनी घर फिरून पाहिलं आणि एकमतानं असा निष्कर्ष काढला की जागा एकच आहे, कोठी. भिंतीला एक भोक पडेल, पण तज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितलं की तो केव्हाही बुजवता येण्यासारखा बदल आहे, तेव्हा जतनाच्या तत्त्वात बसतो. वकीलसाहेब मला म्हणाले, "राऊत, लवकर नकाशा द्या." मी पिशवीतून जुनाच काढून दिला. तो त्यांना फार आवडला. इतका सुटसुटीत उपाय आधी कसा सुचला नाही, असंही कोणीतरी म्हणालं.

भोक मी माझ्या हातानं पाडलं, गवंड्याला हात लावू दिला नाही. राग कुठं तरी काढायचाच होता. मंजूर नकाशात नव्हता असा एक दांडा मी आत भिंतीला बसवला, डाव्या अंगानं अधू माणसाला उजव्या हातानं धरता येईल अशा जागी. कोणी विचारलं असतं तर सांगणार होतो की टॉवेलसाठी आहे. कोणी विचारलं नाही.

उद्घाटन अर्थातच एप्रिलमध्ये. गुरुजींना आणि काकूंना 'पूर्वीचे रहिवासी' म्हणून बोलावलं होतं. मुलगा त्यांना रेल्वेनं घेऊन आला आणि ते माझ्याच घरी उतरले. सकाळी आम्ही रिक्षानं जठारपेठेत गेलो. गुरुजी वॉकर घेऊन हळूहळू आत आले. व्हरांड्यातल्या त्यांच्याच खुर्चीवर 'बसू नये' अशी पाटी होती. ते तिच्या शेजारी उभे राहून भाषणं ऐकत राहिले. तिसऱ्या भाषणात त्यांनी काकूंकडं पाहिलं, काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना कोठीपाशी घेऊन गेलो आणि दार उघडून दिलं.

गुरुजी आत गेले. काकू दारात उभ्या राहिल्या. त्यांनी भोकातून येणारा उजेड पाहिला, दांडा पाहिला, नळ पाहिला. तेवढ्यात वकीलसाहेब पाहुण्यांना सोयी दाखवत तिकडं आले. काकूंनी त्यांना साध्या आवाजात विचारलं, "मंग आमी कायले गेलो होतो जी?"

वकीलसाहेबांना प्रश्न कळला नसावा, किंवा कळला असावा. ते नमस्कार करून म्हणाले, "या ना काकू, केव्हाही या. घर तुमचंच आहे. फक्त सोमवारी बंद असतं."

परतीची तिकिटं दोन दिवसांनंतरची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी रिक्षा करून एकटेच संग्रहालयात गेले. मी शोधत पोचलो तेव्हा ते पाटी काढून आपल्या खुर्चीत बसले होते आणि पेपर वाचत होते. राखणदाराची त्यांना उठवायची हिंमत झाली नव्हती. अमरावतीच्या कॉलेजची मुलंमुली सहलीला आली होती. त्यांनी गुरुजींना गराडा घातला. गुरुजींनी त्यांना ओले रुमाल हातात देऊन जाळीपाशी उभं केलं, मग भिंतीपाशी, मग छताखाली, आणि वारा कुठून येतो नि कुठून जातो ते ज्याचं त्याला सांगायला लावलं. आमच्या माहितीफलकांपुढं कोणी दोन मिनिटं थांबत नाही. ही पोरं जेवायच्या वेळेपर्यंत हलली नाहीत. त्याच दुपारी मुलगा आणि काकू त्यांना न्यायला तिथं आले, तेव्हा गुरुजींनी मुलाला सांगून टाकलं, "मी नाई येत. तू जाय."

मुलगा हबकला. काकूंनी कोनाड्यातल्या मूर्तीवरची धूळ पदरानं पुसायला घेतली. मी वकीलसाहेबांना फोन केला, भांडायच्या तयारीनं. ते आले, मुलांची गर्दी पाहिली, आणि भांडायची वेळच आली नाही. त्यांना कल्पना एकदम पटली. घराला 'जिवंत अनुभव' लाभेल, म्हणाले. रीतसर ठराव झाला: मागच्या दोन खोल्यांत वानखडे दांपत्यानं राहावं, समोरच्या बाजूला कपडे वाळत घालू नयेत, कूलर प्रेक्षक गेल्यावर लावावा. ठराव वाचून दाखवला तेव्हा काकूंनी विचारलं, भाकरी थापायला परवानगी आहे का. समितीनं ती आनंदानं दिली. चुलीवर भाजल्यास अधिक बरं, असंही सुचवलं. काकूंनी गॅसच आणला.

आपल्याच घरात पाहण्याची वस्तू म्हणून राहायला मिळणं याला न्याय म्हणत नाहीत, हे मला कळतं. पण घरात माणूस आला, भिंत कोरडी झाली, गुरुजी कोणाचा हात न धरता कोठीत जातात आणि येतात. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी खोट काढत बसत नाही. सोमवारी घर बंद असतं तेव्हा मी चहाला जातो.

गेल्या महिन्यात नागपूरच्या एक बाई घर बघायला आल्या होत्या. त्यांना सगळं फार आवडलं. जाताना त्या व्हरांड्यात गुरुजींपाशी थांबल्या आणि कौतुकानं विचारू लागल्या, "काका, छान माहिती देता हो. इथं केव्हापासून कामाला आहात?"

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. "चाळीस वर्सं झाले," ते म्हणाले. "अजून पर्मनंट नाई केलं."